अंगठा ऐकू येता कामा नये

पियानोवर सी मेजरचे स्केल वाजवायला घेतले की पहिली अडचण गणिताची. एका हाताला बोटे पाच, आणि वरच्या 'सी'पर्यंत सूर आठ. उजव्या हाताने सी, डी, ई हे तीन सूर अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाने वाजतात. त्यानंतर अंगठा तळहाताखालून सरकत 'एफ'वर येतो आणि पुढच्या चार सुरांसाठी हाताला नवी जागा मिळवून देतो. 'बी'वर अनामिका पोचली की अंगठा पुन्हा खालून निघतो आणि वरच्या 'सी'वर येतो. दोन सप्तके असोत की चार, एकदा तीन बोटे आणि एकदा चार बोटे हाच फेरा चालत राहतो.

नवशिक्याचे स्केल डोळे मिटून ऐकले तरी अंगठा कुठे आला ते सांगता येते. तिथला सूर जरा मोठा लागतो, किंवा किंचित उशिरा येतो, किंवा मागच्या सुरापासून तुटतो. मग विद्यार्थी अंगठ्याच्या मागे लागतो, त्याला 'बळकट' करायला जातो आणि ठोका आणखी मोठा होतो. खरे तर हा दोष अंगठ्यात क्वचितच असतो. अंगठ्याला जिथे जायचे आहे तिथे हाताने त्याला वेळेवर नेलेले नसते, हे त्याचे नेहमीचे कारण. ते कसे, हे टप्प्याटप्प्याने पाहू.

पियानोच्या पुस्तकांत बोटांना आकडे असतात: अंगठा १, तर्जनी २, मधले बोट ३, अनामिका ४, करंगळी ५. दोन्ही हातांना हेच. पुढे हेच आकडे वापरू.

पेटीवर झाकले जाते ते

पेटीवर हात बसलेला माणूस पियानोकडे वळतो तेव्हा पट्ट्यांची मांडणी त्याच्या ओळखीची असते. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी तीन म्हणजे ई. तरीही त्याला आपलाच अंगठा अचानक ऐकू यायला लागतो. पेटीवर आवाजाचा लहानमोठेपणा भात्यावर ठरतो, पट्टी किती जोरात दाबली यावर नाही. अंगठा धपकन पडला तरी सूर तेवढाच राहतो. पियानोत तसे नाही. पट्टी साधारण दहा मिलिमीटर खाली जाते, तेवढ्या प्रवासात ती हातोडीला वर फेकते, आणि हातोडी तारेला लागण्याच्या जरा आधीच पट्टीपासून सुटी होते. तार किती जोरात वाजणार हे हातोडीच्या त्या क्षणीच्या वेगावर ठरते. म्हणजे मोठा सूर याचा अर्थ एवढाच, की ती पट्टी शेजारच्या पट्ट्यांपेक्षा वेगाने खाली गेली.

निदान इथेच होते. अंगठा उशिरा निघाला तर उरलेल्या वेळात तो घाईने येतो, उंचावरून पडतो, त्याच्याबरोबर मनगटही खचते आणि पट्टी वेगाने खाली जाते. तोच अंगठा आधी येऊन पट्टीच्या पृष्ठभागावर टेकलेला असेल, तर त्याला वेग घ्यायला उंचीच मिळत नाही.

अंगठा कामाला कधी लागला

कीबोर्डवर अंगठ्याचा असा वापर मुळापासून नव्हता. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या युरोपात स्केलसाठी बरेचदा दोन मधल्या बोटांची जोडी चालायची: ३-४-३-४ असे एकावरून एक बोट टाकत वर जायचे. योहान सेबास्टियन बाखने १७२० मध्ये आपल्या नऊ वर्षांच्या मुलासाठी, विल्हेल्म फ्रीडेमानसाठी, एक वही सुरू केली. तिच्यातल्या 'आप्लिकात्सिओ' या छोट्या रचनेत उजव्या हाताला हीच ३-४ची जोडी लिहिलेली आहे.

पण बाखचे स्वतःचे संगीत तेवढ्यावर भागणारे नव्हते. १७२२ च्या 'वेल-टेम्पर्ड क्लाविअर'मध्ये चोवीसही मेजर-मायनर स्वरपट्ट्या वापरल्या आहेत. काळ्या पट्ट्या जितक्या जास्त, तितकी ३-४ची जोडी अडखळते. बाखचा दुसरा मुलगा कार्ल फिलिप इमानुएल याने १७५३ मध्ये कीबोर्ड-वादनावरच्या ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध केला. वडिलांनी तरुणपणी थोर वादक ऐकले होते आणि ते वादक मोठे अंतर घ्यायचे असेल तेव्हाच अंगठा वापरत, असे त्याने त्यात नोंदवले आहे. या ग्रंथात अंगठ्याला मुख्य बोटाचा मान मिळाला. अंगठा खालून काढणे आणि बोट अंगठ्यावरून टाकणे, या दोन क्रियांवर त्याची सगळी बोटयोजना उभी आहे. काळ्या पट्टीवर अंगठा अगदी गरज पडली तरच ठेवावा, आणि करंगळीखालून अंगठा काढू नये, हेही त्याने बजावले. सी मेजरसारखी स्केल आपण आज ज्या बोटांनी वाजवतो त्यांचा पाया हा आहे.

अंगठ्याची बांधणी

चार बोटांना तीन-तीन पेरे, अंगठ्याला दोनच. पण अंगठ्याचे हाड तळव्यात खोल, थेट मनगटाजवळ सुरू होते, आणि तिथला सांधा एकमेकांत आडव्या बसवलेल्या दोन खोगिरांसारखा आहे. त्यामुळे अंगठा पुढे-मागे, आत-बाहेर आणि थोडा गोल फिरू शकतो. त्याला हलवणारे चार स्नायू तळव्यात आहेत आणि चार पुढच्या हातात, म्हणजे मनगट आणि कोपराच्या मधल्या भागात. अंगठा मुळात मनगटापासून हलतो. बाहेर दिसतो तेवढाच अंगठा धरून हलवायला गेले, की तो आखडतो.

दुसरा फरक दिशेचा. हात पट्ट्यांवर ठेवला की बाकीची बोटे ज्या दिशेने मिटतात त्याच दिशेने पट्टी दाबतात. अंगठा मात्र आडवा मिटतो, तळहाताखाली. आडवे सरकणे त्याला सहज जमते. सरळ खाली दाबणे हे त्याचे रोजचे काम नाही. ते मनगटाजवळच्या सांध्यातून आणि पुढच्या हाताच्या किंचित वळण्यातून होते, किल्ली फिरवताना हात वळतो त्याच जातीच्या पण जेमतेम दिसेल एवढ्या हालचालीतून. हे वळण गोठले, तर अंगठा खाली नेण्यासाठी अख्खे मनगट खाली ढकलावे लागते. तोच तो ठोका.

अंगठा पट्टीला लागतो तो नखाच्या कोपऱ्याजवळच्या कडेने, टोकाकडच्या भागाने. पूर्ण पेर आडवे टेकवले तर तो जड होतो आणि निघायला वेळ लावतो. टोकाचा सांधा जरासा आत वळलेला हवा. तो बाहेरच्या बाजूला मोडला, तर खालून जायची वाट बंद होते.

कोणती पट्टी अंगठ्याची

अंगठा आखूड आणि खाली असतो. मधली बोटे लांब. काळ्या पट्ट्या उंच आणि आतल्या बाजूला. म्हणून लांब बोटे काळ्यांवर आणि अंगठा पांढऱ्यावर, ही सगळ्यात सोयीची बैठक. या दृष्टीने सी मेजर दिसायला सोपे, पण हाताला अवघड आहे. सगळ्या पट्ट्या एका पातळीत असल्यामुळे अंगठ्याला खालून जायला जागाच कमी पडते.

संगीतकार शोपाँ आपल्या विद्यार्थ्यांना म्हणूनच बी मेजरपासून, म्हणजे पांढरी सातपासून, सुरुवात करायला लावी आणि सी मेजर शेवटी ठेवी. त्याने सुचवलेली हाताची पहिली बैठक अशी: अंगठा 'ई'वर, मधली तीन बोटे एफ शार्प, जी शार्प, ए शार्प या काळ्या पट्ट्यांवर, करंगळी 'बी'वर. हात असा ठेवून पाहा. तळव्याखाली आपोआप कमान तयार होते. मग बी मेजर वाजवा: बी-१, सी शार्प-२, डी शार्प-३, ई-१, एफ शार्प-२, जी शार्प-३, ए शार्प-४, बी-१. दोन काळ्यांचा गट २-३ला, तीन काळ्यांचा गट २-३-४ला, आणि प्रत्येक गटानंतरची पहिली पांढरी अंगठ्याला. बोटे उंचावर असल्यामुळे त्यांच्याखालून अंगठा सहज निघतो. अंगठा 'काढणे' म्हणजे काय, हे हाताला इथे सर्वांत लवकर समजते.

हाच विचार पुढे नेला की बोटांची पाठांतरे कमी होतात. एफ, बी फ्लॅट, ई फ्लॅट, ए फ्लॅट आणि डी फ्लॅट या पाचही मेजर स्केलमध्ये उजवा अंगठा 'सी' आणि 'एफ'वरच येतो, आणि बी फ्लॅटवर अनामिका. सुरुवात कोणत्याही पट्टीपासून होवो, ही तीन ठिकाणे पक्की. (बी फ्लॅटपासून सुरू करताना पहिल्या सुराला २ घेण्याची सोय अनेक पुस्तकांत दिलेली असते, तेवढा अपवाद.)

सावकाश लयीत काय होते

आता सी मेजरकडे येऊ. पांढऱ्या पट्टीची रुंदी साधारण साडेतेवीस मिलिमीटर. 'सी'पासून 'एफ'पर्यंत तीन पट्ट्या, म्हणजे सुमारे सात सेंटिमीटर. 'एफ'पासून वरच्या 'सी'पर्यंत चार पट्ट्या, म्हणजे जवळजवळ साडेनऊ. हे अंतर अंगठ्याने एकट्याने कापायचे, की हाताबरोबर वाटून घ्यायचे, हा कळीचा प्रश्न आहे.

हात 'सी'जवळ रोवून ठेवला आणि 'ई' वाजल्यावर अंगठ्याला निघायला सांगितले, तर सातही सेंटिमीटर त्याच्या वाट्याला येतात. तो ताणला जातो, कोपर बाहेर फेकले जाते, मनगट वाकडे होते. याउलट पहिल्या सुरापासून पुढचा हात उजवीकडे सरकत राहिला, तर बरेचसे अंतर हातच कापतो आणि अंगठ्याला थोडेच उरते.

क्रम असा. अंगठा 'सी' वाजवतो. २ने 'डी' घेताच अंगठा 'सी' सोडतो आणि त्याच क्षणी आत सरकू लागतो. ३ 'ई' वाजवते तेव्हा तो 'एफ'च्या आसपास पोचलेला असतो, पट्टीला लागून, न दाबता. मग 'एफ' वाजतो. 'एफ' वाजल्यावर ३ 'ई'वरून उठते आणि हात पुन्हा उघडतो, २-३-४ त्यांच्या नव्या पट्ट्यांवर उतरतात. शेवटची ही पायरी शिकवताना बरेचदा राहून जाते. अंगठा पोचल्यावर हात मिटलेलाच राहिला, तर 'जी' घाईत लागतो, आणि दोष मात्र अंगठ्यावर जातो.

कोपर अंगापासून किंचित दूर ठेवले की उजव्या हाताची बोटे जराशी डावीकडे झुकतात आणि अंगठ्याची वाट सरळ होते. मनगट पट्ट्यांच्या पातळीखाली जाऊ देऊ नये. ते खाली गेले की तळव्याखालची जागा मिटते.

४खालून जाणे ३पेक्षा अवघड आहे. अंतर जास्त, आणि अनामिका स्वभावतः परावलंबी. 'बी' क्षीण वाजला तर पुढचा 'सी' योग्य असूनही मोठा भासतो. अंगठ्याचा ठोका ऐकू आला की आधी त्याच्या आधीचा सूर तपासावा. कित्येकदा अंगठा हलका करण्यापेक्षा ४ नीट वाजवणे हाच उपाय ठरतो.

जलद लयीत काय बदलते

मेट्रोनोम १२० वर ठेवून एका मात्रेत चार सूर वाजवले, तर सेकंदाला आठ सूर होतात. 'ई' आणि 'एफ'मध्ये सेकंदाचा आठवा भाग उरतो. एवढ्या वेळात अंगठा पूर्ण तळव्याखाली जाऊन परत बाहेर येणे शक्य नाही, आणि तशी गरजही नाही. या वेगात हात एका बैठकीवरून दुसऱ्या बैठकीवर सरळ उचलून ठेवला जातो. सी-डी-ई ही एक मूठ, एफ-जी-ए-बी ही दुसरी. अंगठा तळव्याच्या कडेशीच राहतो, थोडासाच आत येतो. दोन मुठींमध्ये सूक्ष्म फट पडते. पण ती कानाला जाणवण्याइतकी मोठी नसते.

म्हणून सावकाश लयीत अंगठा सफाईने खालून जायला लागला, तरी जलद लय त्यातून आपोआप येत नाही. दोन्हींचा रियाज वेगळा करावा लागतो. जलद लयीसाठी सी-डी-ई एकदम दाबा, सोडा, लगेच एफ-जी-ए-बी एकदम दाबा. सूर कर्कश लागतील, हरकत नाही. इथे हात सरकणे शिकायचे आहे. मग प्रत्येक मूठ झरकन उलगडून वाजवा, मधे थांबा, आणि थांबण्याचा वेळ हळूहळू कमी करत न्या.

अर्पेजिओत, म्हणजे कॉर्डचे सूर एकामागून एक वाजवताना, हाच मुद्दा आणखी ठळक होतो. सी-१, ई-२, जी-३, आणि पुन्हा सी-१. स्केलमध्ये अंगठ्याला ३च्या एकच पट्टी पुढे जायचे होते, इथे तीन पट्ट्या पुढे, आणि एकूण प्रवास अख्ख्या सप्तकाचा, साडेसोळा सेंटिमीटरच्या आसपास. इथे अंगठा खालून ताणून सूर जोडायचा हट्ट धरला की मनगट पिळवटते. हात आडवा वाहू द्यावा, 'जी' पूर्ण लांबीचा वाजवावा आणि अंगठ्याने 'सी' हलका घ्यावा.

अवरोह आणि डावा हात

उजव्या हाताने उतरताना ५-४-३-२-१ असे 'एफ'वर आलो की ३ अंगठ्यावरून 'ई'वर टाकायचे. हे सोपे वाटते, कारण अंगठा टेकलेला असतो. धोका वेगळा आहे: हात ओलांडून जाईपर्यंत अंगठा 'एफ'वर रेलून बसतो आणि त्याच्यावर वजन पडते. हात पलीकडे गेला की अंगठ्याने लगेच मोकळे व्हावे.

डाव्या हाताचे सगळे उलट. तो वर जाताना ३ किंवा ४ अंगठ्यावरून टाकतो आणि खाली उतरताना अंगठा खालून काढतो. दोन्ही हातांनी एका दिशेने सी मेजर वाजवले, तर उजवा अंगठा 'सी' आणि 'एफ'वर, डावा 'सी' आणि 'जी'वर. दोघांची वळणे वेगवेगळ्या जागी येतात आणि नवशिका तिथेच गोंधळतो. पण एकाच 'सी'पासून दोन्ही हात विरुद्ध दिशांना नेले, तर दोन्ही अंगठे एकाच क्षणी वळतात. म्हणून दोन हात जोडताना विरुद्ध दिशेचे स्केल आधी घ्यावे. मुंबई, पुणे, गोव्यातले जे विद्यार्थी ट्रिनिटी किंवा असोसिएटेड बोर्डाच्या परीक्षांसाठी स्केल तयार करतात, त्यांनाही हा क्रम सोयीचा पडेल.

नियम कुठे सैल होतात

काळ्या पट्टीवर अंगठा नको, हा नियम एकोणिसाव्या शतकात ढिला झाला. १८३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोपाँच्या ओपस १० मधल्या पाचव्या एत्यूदमध्ये उजवा हात जवळजवळ सगळा वेळ काळ्या पट्ट्यांवरच असतो, अंगठ्यासकट. तिथे हात जरा आत, झाकणाच्या दिशेने न्यावा लागतो, म्हणजे सगळी बोटे एका पातळीत येतात.

अंगठ्याचा भारदस्तपणा गुण म्हणूनही वापरता येतो. पियानोवादक सिगिसमुंड थालबर्ग दोन्ही अंगठ्यांना आळीपाळीने मधली चाल वाजवायला देई आणि बाकीची बोटे तिच्या वर-खाली अर्पेजिओची नक्षी काढत. ऐकणाऱ्याला तीन हात वाजवत आहेत असे वाटे. ही करामत पॅरिसमध्ये इतकी गाजली, की १८३७ मध्ये राजकुमारी बेल्जोयोसोच्या घरी थालबर्ग आणि लिस्ट यांचा सामनाच रंगला. अशी चाल वाजवताना पुढच्या हाताचे वजन अंगठ्याकडे मुद्दाम झुकवायचे असते. स्केलमध्ये जे टाळायचे, तेच इथे ठरवून करायचे.

दुखले तर

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखायला लागले तर रियाज तिथेच थांबवावा. अंगठा आत ओढून मनगट करंगळीकडे वळवण्याची हालचाल वारंवार झाली, की तिथल्या दोन स्नायूबंधांच्या आवरणाला सूज येऊ शकते. या विकाराला स्विस शल्यविशारद फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन यांचे नाव आहे. त्यांनी १८९५ मध्ये त्याचे वर्णन केले. ताणून, मनगट वाकवून अंगठा काढण्याची सवय नेमकी हीच हालचाल घडवते. दुखणे टिकून राहिले तर डॉक्टरांना दाखवावे. 'सहन करून हात तयार होतो' हा समज इथे अंगाशी येतो.

रियाज आणि परीक्षा

सुरुवात बी मेजरने, एकेका हाताने, सावकाश. मग सी मेजरमध्ये फक्त चार सूर: सी, डी, ई, एफ. 'एफ'वर थांबा आणि पाहा: मनगट खचले का, खांदा उचलला गेला का, 'ई' आणि 'एफ' सारख्याच वजनाचे आले का. त्यानंतर एफ-जी-ए-बी-सी. ही दोन वळणे नीट आली की उरलेले स्केल त्यांचीच पुनरावृत्ती आहे. पेडल या काळात वापरू नये. ते तुटलेले सूर जोडल्यासारखे भासवते, असमान सूर समान करत नाही.

शेवटी एक परीक्षा. सी मेजर चार सप्तके वर न्या आणि दर चौथ्या सुरानंतरच्या सुरावर, म्हणजे पहिल्या, पाचव्या, नवव्या अशा सुरांवर, हलका जोर द्या. सूर एकूण एकोणतीस होतात. स्केल सात सुरांचे आणि जोर चारचारांचा, म्हणून तो प्रत्येक वेळी नव्या सुरावर पडतो: सी, जी, डी, ए, ई, बी, एफ आणि शेवटी सी. उजव्या हाताची बोटे त्या क्रमाने १, २, २, ३, ३, ४, १, ५. अख्ख्या वाटेत अंगठ्यावर आठ सूर येतात, आणि जोर त्यांपैकी दोनच सुरांवर मागितलेला आहे. बाकीच्या वेळी तो ऐकू आला, तर तो न मागता आलेला आहे. वादन ध्वनिमुद्रित करून ऐका. असा सूर सापडला की त्याच्या मागचे तीन सूर धरून निम्म्या लयीत वाजवा, आधीचे बोट पूर्ण वाजते का आणि हात आधीपासून सरकतो का एवढेच बघा, आणि मग पुन्हा चारही सप्तके घ्या.